रिकामी पिकअप मागून उचललेली का असते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या भागात द्राक्षांची तोड जोरात असते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून पिकअप गाड्या बाजूने न्याहाळाव्यात. बागेकडे रिकामी निघालेली गाडी मागून उंच आणि पुढून खाली दिसते. तीच गाडी क्रेट भरून परतते तेव्हा जवळजवळ पाणसळीत आलेली असते. कुणी लोभापायी दोन थर जास्त चढवले असतील, तर मागची बाजू बसलेली आणि बॉनेट आभाळाकडे. चालकाला एक शब्दही न विचारता हौद्यात किती माल आहे याचा अंदाज बांधता येतो.

रिकाम्या गाडीचा हा तिरकेपणा कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. पुढच्या चाकांवर इंजिन, केबिन आणि माणसं यांचं वजन असतं आणि ते दिवसभरात फारसं बदलत नाही. मागच्या चाकांवर मात्र सकाळी नुसता हौदा असतो आणि दुपारी त्यात दीड टन माल येतो. माल आला की मागची बाजू खाली बसणार, हे धरूनच ती आधीपासून काही इंच उंच ठेवलेली असते. शेतमालाची बोलेरो पिकअप घ्या, नाहीतर हौशी मंडळींची इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स. शेवटच्या दोघींना पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, पण मागे तिघींनाही कमान पाटेच आहेत.

हा तिरकेपणा अनेकांना खटकतो. कुणाला गाडी पुढून उचलून सपाट करायची असते, कुणाला चारी बाजूंनी उंच करून कासच्या नाहीतर कोयनेच्या वाटांवर मिरवायची असते. सातारा-सांगलीतल्या बहुतेक मालवाल्यांची मागणी साधी असते : ‘मागं दोन पाटे वाढव.’ अमेरिकेत पिकअप सपाट करण्याचा आणि उंच करण्याचा मोठा बाजार आहे. गाडी पुढून उंच आणि मागून बसकी करण्याची फॅशन तिथे इतकी बोकाळली, की नॉर्थ कॅरोलायना राज्याला २०२१ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. गाडीची उंची ही दिसण्याची बाब आहे, असा समज दोन्हीकडे आहे. खरं तर त्या उंचीवर गाडीतल्या निम्म्या गोष्टी विसंबून असतात. कशा, ते पाहण्यासाठी गाडीखाली वाकावं लागतं.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पोलादी पाट्यांचं एक जुडगं दिसतं. सगळ्यांत वरचा पाटा लांब असतो आणि त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा बुश आणि पिन घालून थेट चासीला जोडलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला लटकतो, कारण भार पडून कमान सपाट होते तेव्हा पाट्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि त्यांना सरकायला जागा लागते. मुख्य पाट्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे. वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांकडे कमी असतो, म्हणून पोलादही मध्यावर जास्त आणि टोकांकडे कमी. मधोमध एक सेंटर बोल्ट, आणि दोन यू-बोल्टनी हे सगळं मागच्या आसाच्या हाउसिंगवर आवळलेलं.

या जुडग्यातलं खरं नवल हिशेब केल्यावर कळतं. समजा, एकाच लांबीचे सात पाटे आहेत आणि प्रत्येकाची जाडी ८ मिलिमीटर आहे. एकूण जाडी ५६ मिलिमीटर. मग सात पाट्यांऐवजी ५६ मिलिमीटर जाडीची एकच सलग पट्टी का लावली नाही? कारण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सात सुटे पाटे एका पाट्याच्या सातपट कडक होतात, पण सातपट जाडीची सलग पट्टी ७ × ७ × ७, म्हणजे ३४३ पट कडक होते. पोलाद तेच, वजन तेवढंच, तरी सलग पट्टी ४९ पट ताठ. शंभर पानी वही हातात धरून वाकवा. ती सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं डिंकाने चिकटवली तर वहीची फळी होते. पाट्यांचंही हेच आहे, आणि सरकताना पाट्यांत जे घर्षण होतं ते गाडीचं डोलणंही थोडं आवरतं. चिखल-पाण्याने पाटे गंजून एकमेकांना धरले की गाडी अचानक कडक का वाटू लागते, त्याचं उत्तर इथे आहे.

जेवढा भार तेवढी लवण, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये छापून मांडला. रायगडावर शिवराज्याभिषेक होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. भाजीवाल्याचा ताणकाटा याच नियमावर चालतो. पुढे १८०४ मध्ये ओबाडाया एलियट या लंडनच्या गाडीकाराने घोडागाडीसाठी कमानींच्या जोडीचं पेटंट घेतलं. टांग्याच्या कमानी त्याच घराण्यातल्या आणि पिकअपचे पाटेही. उसाच्या बैलगाडीला आजही स्प्रिंग नसतात, तिथे हवा भरलेलं टायर हीच काय ती लवचीकता.

हुकचा नियम पुढे नेला की एक अफलातून गोष्ट हाती लागते. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होणार, हे ठरवायला गाडीचं वजन माहीत असण्याची गरज नाही आणि पाट्यांचा कडकपणाही नको. उभ्या गाडीच्या वजनाने पाटे किती बसले आहेत, एवढं एक माप पुरतं. पाटे २५ सेंटिमीटर बसले असतील तर गाडी सेकंदाला एकदा डोलते. सव्वासहा सेंटिमीटर बसले असतील तर दोनदा. पावणेतीन सेंटिमीटर बसले असतील तर तीनदा. बसण्याचं माप चौपट झालं की डोलणं निम्म्यावर येतं.

आता हिशेबापुरती एक पिकअप घेऊ. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन ५०० किलो आणि भरल्यावर २,००० किलो. भरल्यावर पाटे १६ सेंटिमीटर बसतात, म्हणजे रिकामी असताना ४ सेंटिमीटर. मधला १२ सेंटिमीटरचा फरक म्हणजेच रस्त्यावरून दिसलेला तो तिरकेपणा. भरलेली गाडी सेकंदाला सव्वा वेळा डोलते, चालकाला सुखाची वाटते. रिकामी गाडी सेकंदाला अडीच वेळा उडते. पिकअपवाले म्हणतात ना, ‘माल टाकल्याशिवाय गाडी बसत नाही’, ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के खरं आहे.

याच गाडीचे पाटे वाढवून कडकपणा दीडपट केला तर? भरलेली गाडी आता १६ ऐवजी पावणेअकरा सेंटिमीटर बसते. मालक खूश. पण रिकामी गाडी २.७ सेंटिमीटरच बसते आणि सेकंदाला तीनदा उसळते. या २.७ सेंटिमीटरला आणखी एक अर्थ आहे. पाटे जेवढे बसलेले असतात, तेवढीच उसळी गाडीने घेतली, की उसळीच्या माथ्यावर हौद्यातला माल वजनहीन होतो. त्याहून थोडी जास्त उसळी म्हणजे क्रेट हौद्याच्या तळापासून सुटून हवेत. मऊ गाडीत त्यासाठी मोठी उसळी लागते. कडक केलेल्या गाडीत अर्धवट माल असेल, तर गावाच्या वेशीवरचा एक गतिरोधक पुरतो.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी वाहणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. स्ट्रॉबेरीच्या गाडीत जागा भरते पण वजन भरत नाही, आणि फळ असं की बोटाचा दाब सोसत नाही. अशा गाडीला सिमेंट वाहण्याजोगे पाटे घालणं म्हणजे पसरणीचा घाट उतरेपर्यंत फळांना मार देत नेणं. द्राक्षाचंही तसंच, मणी गळतात आणि घडाला डाग पडतात. सांगलीच्या हळदीच्या पोत्यांना मात्र या उसळीचं काही सोयरसुतक नाही. पाटे वाढवावेत की नाहीत, या प्रश्नाचं पहिलं उत्तर हौद्यात काय भरता यावर आहे.

पाटे वाढवल्यावर बिघडणारी दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि ती जास्त गंभीर आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झेपावतं आणि मागची चाकं हलकी होतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक दिला, तर ती जागीच धरली जातात आणि गाडीची शेपूट फिरते. उलट, दीड टन माल असताना मागच्या ब्रेकचा पूर्ण जोर लागतो. मग गाडीला कळावं कसं, की आज हौदा रिकामा आहे की भरलेला? त्यासाठी अनेक पिकअपमध्ये चासीला एक झडप बसवलेली असते आणि तिच्यापासून एक दांडी मागच्या हाउसिंगपर्यंत गेलेली असते. चासी खाली बसली की दांडी हलते, झडप उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मेकॅनिक तिला एलएसपीव्ही म्हणतात. या झडपेला वजन कळत नाही. तिला फक्त पाटे किती बसले ते कळतं.

आता पाटे वाढवले किंवा हाउसिंगवर ठोकळे ठेवून गाडी तीन इंच उचलली. हौद्यात पूर्ण माल आहे, पण मागची बाजू बसलेली नाही. झडपेच्या लेखी गाडी रिकामी. ती मागच्या ब्रेकचा दाब रोखून धरते आणि खंबाटकीच्या उतारावर सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. पुढचे ब्रेक तापतात, पेडल ढिलं पडतं, आणि ‘ब्रेक लायनर हलक्या कंपनीचं निघालं’ असा निष्कर्ष निघतो. उंची बदलल्यावर त्या दांडीचं माप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावून घ्यायचं असतं. नव्या गाड्यांत हेच काम चाकांच्या वेगावरून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. आपल्या गाडीत कोणती सोय आहे, हे कामाला हात लावण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट समोरून येणाऱ्याला भोगावी लागते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा. जादा मालाने मागची बाजू नेहमीपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेली, तर गाडी फक्त दोन अंश मागे कलते. पण हेडलाइटचा झोत तिच्याबरोबर वर उठतो आणि ५० मीटरवर तो दीड मीटरपेक्षा जास्त वर गेलेला असतो. डिपर दिलेला असतानाही झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. पुणे-बंगळूर महामार्गावर रात्री आपण ज्यांच्या नावाने बोटं मोडतो, त्यांतल्या काही चालकांनी डिपर दिलेलाच असतो. गाडी पुढून उचलणाऱ्या हौशी मंडळींची तऱ्हाही हीच. पुढे दोन इंच चढवले की हेडलाइट खाली लावून घेणं ओघाने आलंच.

चौथ्या गोष्टीत पुन्हा रॉबर्ट हुक भेटतो. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस असतात, त्या सांध्याला जगभर हुकचा सांधा म्हणतात. या सांध्याची एक खोड आहे. तो सरळ असला तर फिरणं जसंच्या तसं पुढे देतो, पण कोन पडला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दीड टक्क्याचा असतो, २० अंशांना तो ६ टक्क्यांवर जातो. एका टोकाच्या क्रॉसची खोड दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने मोडून काढायची, ही युक्ती कंपनीने केलेली असते, पण तिला दोन्ही कोन सारखे लागतात. गाडी मागून उचलली की कोन बदलतात आणि एका ठरावीक वेगाला गाडीची बैठक थरथरू लागते. काही महिन्यांत क्रॉस खुळखुळतो. पाटे आणि हाउसिंग यांच्यामध्ये पाचर घालून कोन जुळवता येतो, पण त्यासाठी कोन मोजणारा कारागीर हवा.

गाडी उचलण्याच्या रीती चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. हाउसिंग आणि पाटे यांच्यात ठोकळा घातला तर गाडी वर येते, पाट्यांचा कडकपणा तोच राहतो. मात्र ब्रेक आणि ओढ यांचा पीळ लांब तरफेने पाट्यांवर येतो. उंच ठोकळ्याने पाटे नागमोडी पिळतात, आणि पुढच्या चाकांवर तर ठोकळा घालूच नये. लांब शॅकल लावलं तर शॅकल वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. पुढे कॉइल स्प्रिंगच्या माथ्यावर स्पेसर टाकला तर उलटं होतं : तरफेमुळे एक इंचाचा स्पेसर चाकाशी दीड-दोन इंच उंची देतो. त्यामुळे ‘दोन इंचाचा माल’ म्हणजे नक्की कुठले दोन इंच, हे विकत घेताना विचारावं, आणि नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. हेल्पर पाटे सर्वांत शहाणे. हलक्या मालाला ते कामात येत नाहीत, हौदा ठरावीक खाली आला की मगच भार उचलतात. कधी रिकामी, कधी भरलेली अशी गाडी चालवणाऱ्यांसाठी हीच वाट बरी. पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे बसवणं हाही याच जातीचा उपाय, त्यात माल पाहून हवा कमी-जास्त करता येते.

एक काम मात्र करू नये. बसलेले पाटे भट्टीत लाल करून, घणाने ठोकून पुन्हा कमान देणं स्वस्त पडतं, पण महाग जातं. स्प्रिंगचं पोलाद साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून, तेलात बुडवून, पुन्हा चार-पाचशे अंशांना मुरवून तयार होतं. वर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून त्याचा पृष्ठभाग दाबून ठेवलेला असतो, म्हणजे भेगा पडायला लवकर जागा मिळत नाही. भट्टीतला लाल रंग हे सगळं पुसून टाकतो. असे पाटे महिना-दोन महिन्यांत पुन्हा बसतात, नाहीतर सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतात.

उंचीचा घाटात होणारा परिणामही सांगायला हवा. गाडी वळणावर किती आडवा जोर सोसेल, हे चाकांमधली रुंदी आणि भारमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतं. रुंदी १.४ मीटर आणि भारमध्य ९० सेंटिमीटर उंच असेल, तर तीन इंच उचलल्याने ही क्षमता सुमारे ८ टक्क्यांनी घटते. क्रेटचा एक जादा थर याहून जास्त नुकसान करू शकतो. कुंभार्लीच्या वळणांवर दोन्ही एकत्र आले तर चुकीला जागा उरत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळे तपशील होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. पाटे वाढवल्याने आरसीवरची वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. चासी, बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेवढेच असतात. रोजचा मालच जास्त असेल, तर बोलेरो मॅक्स पिकअपसारख्या गाड्या १.३ टनांपासून २ टनांपर्यंतच्या वेगवेगळ्या क्षमतेत मिळतात. तिथे पाट्यांबरोबर बाकी सगळंही त्या वजनाला जुळवलेलं असतं.

म्हणून पाटेवाल्याकडे जाण्याआधी दोन कामं करा. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने चारी बाजूंना मोजा. डाव्या-उजव्या मापात फरक असेल तर पाटा थकलेला किंवा तुटलेला आहे आणि त्याला वाढीव पाट्यांची नव्हे, बदलीची गरज आहे. मग नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी सगळी गाडी तोला, नंतर फक्त मागची चाकं. आलेले आकडे आरसीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. वजन मर्यादेत असेल आणि तरीही गाडी बसत असेल तर पाटे, बुश आणि शॉकअप नवे घाला, हवं तर हेल्पर बसवा. वजन मर्यादेबाहेर असेल तर पाट्यांना हात न लावता माल कमी करा, नाहीतर मोठी गाडी घ्या.